ट्रॅकवरची गाडी आणि तिचा ताप

फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनत असलेली पोलो आजही पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर भरपूर दिसते. ट्रॅक डेला जाणाऱ्या हौशी मंडळींची तर ती फारच लाडकी. शेवटच्या काळातल्या एक लिटरच्या टीएसआय इंजिनाची ताकद ११० पीएस, पुढे डिस्क ब्रेक, मागे साधे ड्रम. चालक आणि पेट्रोल धरून वजन १,२०० किलो मानू. ही गाडी सरळ पट्ट्यावरून ताशी १५० किलोमीटरने येते आहे, पुढचं वळण ६० ने घ्यायचं आहे आणि ब्रेक मारायला तीन सेकंद आहेत. हिशेब केला तर या तीन सेकंदांत पावणेनऊ लाख ज्यूल गतिज ऊर्जा गाडीतून काढून घ्यावी लागते. थोडी हवेच्या अवरोधात जाते, बाकीची जवळजवळ सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये शिरते. तीन लिटर पाणी माठातून काढून उकळी फुटेपर्यंत तापवायला साधारण इतकीच उष्णता लागते. ताकदीच्या भाषेत ते जवळपास चारशे पीएस होतात, म्हणजे थांबताना ब्रेक जे काम करतात ते इंजिनाच्या साडेतीन पट असतं.

आणि अर्ध्या मिनिटाने पुढचं वळण येतं.

रस्त्यावरच्या गाडीचा प्रत्येक भाग एक गोष्ट गृहीत धरून बनवलेला असतो: कष्टानंतर विश्रांती मिळेल. द्रुतगती मार्गावर एकदा जोरात ब्रेक मारला की पुढची दहा मिनिटं डिस्कला वारा मिळतो. वरंधा घाट उतरताना ज्यांनी इंजिनाऐवजी ब्रेकवर गाडी धरली आहे त्यांना तो जळका वास ठाऊक असेल, पण तिथेही पायथ्याला सपाटी येतेच. ट्रॅक ही विश्रांती काढून घेतो. म्हणून रस्त्यावरची गाडी नेमाने ट्रॅकवर न्यायची तर तयारी वेगाची करू नये, उष्णतेची करावी. ताकद वाढवणं हे यादीतलं शेवटचं काम. आपल्याकडे बहुतेक मंडळी नेमकी तिथूनच सुरुवात करतात.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला ट्रॅकसाठी बहुतेकदा लांबचा प्रवास करावा लागतो. चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. त्याआधी त्या भागातल्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, दोन किलोमीटरांहून थोडा मोठा, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. उत्तरेत ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. पुण्याहून चेन्नई म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर, आणि तेवढेच परत. ट्रॅकवर फिरवलेल्या त्याच गाडीतून घरी यायचं असतं. ही अट डोक्यात पक्की ठेवली की कोणती वस्तू घ्यायची आणि कोणती टाळायची हे निम्मं आपोआप ठरतं. ट्रॅक डे म्हणजे शर्यतही नव्हे: अनुभवानुसार गट पाडतात, पंधरा-वीस मिनिटांची फेरी देतात आणि ओलांडायचं ते ठरवून दिलेल्या जागीच, पुढच्याने हात दाखवल्यावर. त्यामुळे शर्यतीच्या गाडीची नक्कल करायचं काहीच कारण नाही.

पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करावा. एका टाकी पेट्रोलपेक्षा तो कमी येतो, आणि त्याच्याइतका फरक दुसरं काहीही पाडत नाही. नाव ऑइल असलं तरी हे तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचा द्रव आहे आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ दर्जाच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६०. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या गाडीचं ब्रेक ऑइल कोरं असेल अशी आशा कोणी धरू नये. ते उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला जातं. वळण मात्र जागच्या जागी असतं.

शर्यतीसाठीची ब्रेक ऑइलं मिळतात, त्यांचा कोरा उत्कलनबिंदू ३०० अंशांच्या वर असतो. ती पाणीही लवकर ओढतात, म्हणून वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर जाणाऱ्याने ती वरचेवर बदलावीत आणि चारही चाकांची हवा नीट काढून घ्यावी. डब्यावर डॉट ५ लिहिलेलं असेल तर तो सिलिकॉनचा प्रकार आहे. तो डॉट ५.१ चा धाकटा भाऊ समजून कोणी आणतो आणि नेहमीच्या द्रवात मिसळतो. दोघांचं जमत नाही.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात, आणि पायाला तो फरक कळायला हवा. पेडल मऊ पडलं, खोल गेलं तर द्रव उकळला. पेडल घट्ट आहे, पाय जोर लावतो आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झाले. ट्रॅकवर डिस्कचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे सहज जातं, आणि गाडीबरोबर आलेले पॅड बहुधा त्याच्या आधीच हार मानतात. त्यांच्यातली राळ जळून वायू सुटतो आणि डिस्क निसटती होते. यावर लगेच शर्यतीचे पॅड बसवायचा मोह होतो. तो आवरावा, कारण ते पॅड गरम झाल्याशिवाय पकडतच नाहीत. पहाटे पुणे सोडताना पहिल्याच सिग्नलला थंड ब्रेक मारल्यावर याचा अर्थ कळतो. रोज चालणाऱ्या गाडीसाठी मधल्या वर्गातले, थंडही धरणारे आणि बऱ्यापैकी ताप सोसणारे पॅड बरे. थोडी चुरचुर आणि चाकांवर काळी भुकटी यांची सवय करून घ्यायची. नाहीतर पॅडचे दोन संच ठेवून ट्रॅकवर पोचल्यावर बदलायचे. त्यात अर्धा तास जातो आणि हात काळे होतात, इतकंच.

नवे पॅड डिस्कला बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८०-१०० वरून २० पर्यंत दमदार ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा, आणि मग बराच वेळ ब्रेकला हात न लावता गाडी चालवून ते थंड करायचे. पूर्ण थांबायचं नाही, कारण तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की त्याचा थर डिस्कवर उठतो आणि मग पेडल थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात आणि नवी डिस्क घेतात. याच कारणासाठी प्रत्येक फेरीतला शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश काढावा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये. मागचे ड्रमही तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला की झालं.

भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झकास असतात, पण सततच्या तापाने भोकांपासूनच तडे जायला लागतात. साधी, चांगल्या प्रतीची, जाड डिस्क पुरते. उरलेल्या पैशांत बंपरच्या जाळीतून एक लवचीक नळी डिस्कच्या मध्यापर्यंत न्या. गार हवेचा हा झोत कोणत्याही चकचकीत डिस्कपेक्षा जास्त काम करतो.

आता टायर. इथेही उष्णताच, आणि ती दाबाच्या आकड्यात मोजता येते. सकाळी ३० अंशांत टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली आणि चार लॅपनंतर आतली हवा ७० अंशांपर्यंत गेली, तर शाळेत शिकलेल्या वायूच्या नियमाने दाब ३८ च्या वर जातो. इतका फुगलेला टायर मधल्या भागावर नाचतो आणि पकड सोडतो. म्हणून ट्रॅकवर थंड दाब बघत नाहीत, गरम दाब बघतात. गरम दाब ३२-३४ हवा असेल तर सुरुवात २७-२८ पासून करायची, फेरी संपवून आल्या आल्या पिटमध्ये मोजायचं आणि जास्तीची हवा सोडायची. स्वतःचं चांगलं गेज विकत घ्यावं, कारण पेट्रोल पंपावरच्या दोन मशीन एकच आकडा दाखवतील याची खात्री नसते. संध्याकाळी घरच्या वाटेला लागण्याआधी हवा परत भरायची. टायर थंड झाले की तोच दाब धोका व्हावा इतका खाली जातो आणि समोर रात्रीचा महामार्ग असतो. नायट्रोजनचा बराच गाजावाजा होतो. त्याचा खरा फायदा तो कोरडा असतो यात आहे, कोरडी हवाही जवळपास तेवढंच काम करते.

टायरच्या कडेला खडूने तीन-चार रेघा ओढून पाहा. फेरीनंतर खडू कुठपर्यंत पुसला गेला यावरून वळणात टायर किती आडवा झोपतो ते दिसतं. पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे दोन टायरच ओढतात, तेच वळवतात, आणि थांबवण्याचा मोठा वाटाही तेच उचलतात. बुद्ध आणि चेन्नईचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतात, त्यामुळे वजन डावीकडे झुकतं आणि पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड सगळ्यात आधी संपते. इतर सगळे निम्मे शिल्लक, आणि याची कड मात्र तारेपर्यंत. यावर उपाय कॅम्बरचा. चाकाचा वरचा भाग आत झुकवला की वळणात टायर पूर्ण रुंदीने टेकतो. कंपनीतून गाडी अर्धा-एक अंश आत झुकलेली येते. ट्रॅकवर दोन-अडीच अंश लागतात. वेगळे कॅम्बर बोल्ट घातले तर एक-दीड अंश मिळतो आणि अलाइनमेंटवाल्याला समजावून सांगावं लागतं की आकडा लाल दिसला तरी तो मुद्दाम ठेवलेला आहे. रस्त्यावर मग आतली कड थोडी जास्त झिजते. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

टायर घेताना कडेवरची चार अंकी तारीख वाचावी: पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांचा टायर खाचा शाबूत दिसल्या तरी आतून कडक झालेला असतो. ट्रेडवेअरचा आकडाही तिथेच असतो. रोजच्या टायरचा ३००-४०० च्या घरात, ट्रॅकला चालणाऱ्या मऊ टायरचा २०० च्या आसपास. पण पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेना हातातलेच टायर वापरावेत असं मी सुचवीन. साधा टायर पकड सोडण्याआधी किंचाळून सांगतो, मऊ टायर उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि मग अचानक सोडतो, तेही जास्त वेगात. शिकायचं ते किंचाळणाऱ्याकडून.

इंजिनाबद्दल थोडक्यात. डॅशबोर्डवरचा काटा कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइलचं नव्हे, आणि ट्रॅकवर खरा धोका ऑइलचा. ते बरंच उशिरा तापतं आणि तापल्यावर सावकाश उतरतं. म्हणून पहिला लॅप हळू, शेवटचाही हळू. टर्बो असेल तर पिटमध्ये येऊन लगेच इंजिन बंद करू नये. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेला असावी, खालच्या-वरच्याच्या मध्ये चालणार नाही, कारण लांब वळणात ऑइल चेंबरच्या एका बाजूला चढतं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. हेच पेट्रोलचं. टाकी पावच्या खाली गेली की वळणात इंजिन गचके देतं. कंपनी ऑइल बदलायला १५,००० किलोमीटर सांगते, ते ट्रॅकला न जाणाऱ्यांसाठी. रेडिएटरच्या पुढ्यातल्या जाळीतले किडे आणि चिखल धुऊन काढणं फुकट आहे आणि चेन्नईच्या उन्हात त्याचा उपयोग होतो. एसी बंद, काचा खाली.

सस्पेन्शनमध्ये गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगांवर माझा विश्वास नाही. जुने शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवून नुसत्या कडक, आखूड स्प्रिंग घातल्या तर गाडी उसळते आणि आपल्या गतिरोधकांवर पोट घासते ते वेगळंच. ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या गाडीत कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर नवे, कंपनीचेच टाकले तरी ती नव्यासारखी वळते.

सुरक्षेच्या बाबतीत अर्धवट उपाय मात्र न केलेल्या उपायापेक्षा वाईट. चार पट्ट्यांचा रंगीत हार्नेस बसवायची फार हौस असते. गाडीचा मूळ तीन बिंदूंचा पट्टा, सीट, एअरबॅग आणि छप्पर हे एकत्र विचार करून बनवलेलं असतं. गाडी उलटून छप्पर दबलं तर तीन बिंदूंच्या पट्ट्यातला माणूस थोडा कलंडू शकतो. हार्नेसने ताठ बांधलेल्याला सरकायला जागाच उरत नाही. शिवाय पायांमधून येणारा पट्टा नसेल तर समोरच्या धडकेत शरीर खालून घसरतं आणि कमरेचा पट्टा पोटावर चढतो. तेव्हा हार्नेस हवा तर रोल केज, बकेट सीट आणि मान धरून ठेवणारं साधन हे सगळं एकत्र. आणि रोल केज बसवला की ती गाडी रोजच्या वापराची राहत नाही, कारण ऑफिसला जाताना हेल्मेट घालत नाहीत आणि डोक्याजवळ लोखंडी नळी असते. म्हणजे आपल्या या पोलोसाठी उत्तर साधं आहे: मूळ पट्टा, सुस्थितीतल्या एअरबॅग, आणि पूर्ण चेहरा झाकणारं चांगलं हेल्मेट. स्नेल संस्थेच्या एसए प्रमाणाच्या हेल्मेटचं अस्तर आगीत टिकतं, दुचाकीच्या हेल्मेटकडून ती अपेक्षा नसते. ईएसपी असेल तर चालूच ठेवावा. तो चाकांना परस्पर ब्रेक लावतो, त्यामुळे ताप थोडा वाढतो, पण भिंतीपेक्षा ते स्वस्त.

कागदोपत्री बाजूही पाहून ठेवलेली बरी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. विम्याच्या पॉलिसीतही ‘आयोजित शर्यत’ आणि ‘वेगचाचणी’ यांसाठीचा वापर वगळलेला असतो. आमची फेरी शर्यत नव्हती हा युक्तिवाद सर्व्हेअरपुढे टिकेलच यावर गाडी लावू नये. ठोकली तर खर्च आपला, असं धरूनच जावं आणि जी गाडी गमावणं परवडणार नाही ती नेऊच नये.

आदल्या रात्री गाडी रिकामी करायची: स्टेपनी, जॅक, पाने, चालकाच्या पायाखालचं मॅट, दरवाज्यातली पाण्याची बाटली. ब्रेक मारताना सुटी बाटली पेडलखाली घरंगळते. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचे. पोलोसाठी १२० न्यूटन मीटर. पान्यावर उभं राहून आवळायची पंक्चरवाल्यांची रीत घरी ठेवायची, आणि पहिल्या फेरीनंतर चाकं निवल्यावर परत तपासायचं. गाडी ओढायचा हुक टूलकिटमधून काढून आधीच बसवून ठेवावा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात आणि हे मातीत रुतल्यावर शोधण्यात अर्थ नाही.

चालकही तापतो. हेल्मेट घालून, काचा खाली करून, चेन्नईच्या दमट हवेत वीस मिनिटं एकाग्र राहायचं म्हणजे घामाने शर्ट पिळून काढावा लागतो. पाणी आणि ओआरएस सोबत ठेवावं आणि थकवा वाटला तर पैसे भरलेली शेवटची फेरीही सोडून द्यावी. दमलेला माणूस ब्रेक उशिरा मारतो आणि त्याला ते कळत नाही.

परतल्यावर चाकं काढून बघण्याजोगं बरंच असतं: पॅड किती उरले, डिस्कला बारीक तडे आहेत का, ब्रेकजवळची रबरी बुटं तापाने चिरली का, चाक हाताने हलवल्यावर बेअरिंग खेळतं का. हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवलं की पुढच्या वेळी काय सोबत न्यायचं ते ठरतं. आता ताकदीचा प्रश्न, कारण चौथ्या-पाचव्या खेपेला तो येतोच. समजा इंजिनाचा संगणक रीमॅप करून घेतला आणि त्याच सरळ पट्ट्याच्या शेवटी १५० ऐवजी १७० चा वेग मिळाला. वेगातली वाढ १३ टक्के. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६० वर येताना ब्रेकवर पडणारा भार पावणेनऊ लाख ज्यूलवरून पावणेबारा लाखांच्या जवळ जातो, म्हणजे तिसऱ्या हिश्शाने जास्त. वहीत गेल्या खेपेला पॅड निम्म्यावर आल्याची नोंद असेल, तर रीमॅपचे पैसे कुठे आधी घालायचे हे तिथेच लिहिलेलं आहे.